मासा फ्रिजमध्ये ठेवूनही का नासतो? थंड साठवणुकीचा नेमका क्रम

"फ्रिजमध्येच तर ठेवला होता!" मासा खराब निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि सांगणारा खोटं बोलत नसतो. मासा फ्रिजमध्येच होता, दारही नीट लागलेलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी डबा उघडताच वास आला. खरी चूक फ्रिजमध्ये ठेवण्याच्या आधीच्या दोन-तीन तासांत झालेली असते.

फ्रिज थंड मासा थंड ठेवतो. गरम मासा झटपट थंड करणं त्याला जमत नाही, ते काम बर्फाचं. हा फरक लक्षात आला की खालचे बहुतेक टप्पे आपोआप पटतील. घरी दोन किलो मासा ठेवणारा असो की पन्नास किलोचे क्रेट सांभाळणारा, क्रम दोघांनाही तोच.

## आधी शत्रू ओळखा

जिवंत, निरोगी माशाचं मांस जीवाणूमुक्त असतं. जीवाणू असतात तीन जागी: कातडीवरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यांत. मासा मेला की त्यांना अडवणारी यंत्रणा बंद पडते आणि ते हळूहळू मांसाकडे सरकू लागतात. त्याच वेळी माशाची स्वतःची विकरंही (एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारे पदार्थ) मांस मऊ करत असतात. पहिल्या काही दिवसांत गोडसर ताजी चव जाते ती बहुतांशी या विकरांमुळे. पुढचा घाण वास मात्र जीवाणूंचा.

थंडीत नासाडी करणारे जीवाणू मोजकेच आहेत. हवा लागत असलेल्या थंड माशावर स्युडोमोनास आणि शेवानेला यांचं राज्य असतं. शेवानेला सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड तयार करतो. समुद्री माशात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा निरुपद्रवी पदार्थ असतो. जीवाणू त्यापासून ट्रायमिथाइलअमाइन बनवतात, आणि ज्याला आपण 'माशाचा वास' म्हणतो तो मुख्यतः त्याचाच. ताज्या समुद्री माशाला तो वास जवळजवळ नसतोच.

हे जीवाणू शून्य अंशालाही वाढतात, फक्त सावकाश. बर्फात ठेवलेल्या माशावर त्यांची संख्या दुप्पट व्हायला साधारण एक दिवस लागतो. उघड्यावर, उबदार हवेत, एका दिवसात ती ग्रॅममागे कोटीच्या घरात जाते. म्हणजे थंडी जीवाणूंना मारत नाही, फक्त त्यांचं घड्याळ मंद करते. किती मंद, याचा एक सोपा हिशोब आहे. तापमानाला दहाने भागा, त्यात एक मिळवा आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग करा. शून्य अंशाला नासण्याचा वेग १ धरला, तर ४ अंशांना तो जवळजवळ २ येतो, ८ अंशांना सव्वातीनच्या आसपास आणि १० अंशांना ४. बर्फात दहा दिवस टिकणारा मासा ४ अंशांच्या फ्रिजमध्ये पाच दिवस टिकेल आणि १० अंशांना जेमतेम अडीच. हा अंदाज आहे, माशाच्या जातीनुसार थोडा इकडेतिकडे होतो. पण 'चार काय नि शून्य काय, थंडच तर आहे' हा समज मोडायला तो पुरेसा आहे.

## तयारी: मासा हातात येण्यापूर्वी

मासा आणल्यावर बर्फ शोधायला निघणं ही पहिली चूक. पुढच्या गोष्टी आधी तयार हव्यात.

थर्मामीटर. टोकदार सळईचा, मांसात खुपसता येणारा. वापरण्याआधी तो तपासा. पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरा, वर थोडं पाणी ओता, ढवळून दोन मिनिटं थांबा. काटा शून्य दाखवायला हवा. एक-दोन अंशांचा फरक असेल तर तो लिहून ठेवा आणि दर वेळी वजा करा. पाण्यात मीठ नको, नाहीतर तापमान शून्याच्या खाली जाऊन तपासणीच चुकेल.

फ्रिजचं खरं तापमान. बाहेरच्या आकड्यावर विसंबू नका. मासा जिथे ठेवणार तिथे पाण्याचा पेला ठेवा आणि सकाळी पाण्याचं तापमान मोजा. दाराच्या कप्प्यात आणि खालच्या मागच्या कोपऱ्यात बराच फरक दिसतो. दाराचा कप्पा माशासाठी कायमचा बाद.

बर्फ. किती लागेल याचा हिशोब आधी करा. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. एक किलो मासा एक अंशाने थंड करायला साधारण ०.८ किलोकॅलरी काढावी लागते. म्हणजे ३० अंशांचा दहा किलो मासा शून्यावर आणायला २४० किलोकॅलरी, अर्थात तीन किलो बर्फ. हा झाला निव्वळ मासा थंड करण्यापुरता. पेटीच्या भिंतींतून उष्णता सतत आत येत असते आणि तीही बर्फच गिळतो. म्हणून उष्ण हवेत माशाच्या वजनाइतकाच बर्फ घ्यायची रीत आहे. कंजूषी इथे करू नका.

जाळी आणि ट्रे. वितळलेलं पाणी खाली निघून जायला हवं. तळाला छिद्रं असलेलं भांडं आणि त्याखाली पाणी साचायला दुसरं, एवढी सोय पुरते.

पाणी आणि सुऱ्या. धुवायला पिण्यायोग्य, शक्य तितकं थंड पाणी. पोट साफ करायला एक सुरी आणि फळी, तुकडे करायला दुसरी.

> तपासणी: बर्फ फोडून तयार, थर्मामीटर शून्य दाखवतोय, फ्रिजची जागा रिकामी आणि ४ अंशांच्या खाली. यातलं एक जरी बाकी असेल, तर मासा आणायची घाई करू नका.

## टप्पा १: घेतानाच ताजेपणा बघा

नासायला लागलेला मासा कुठलाही बर्फ मागे आणत नाही. कल्ले उचलून बघा: लालभडक आणि स्वच्छ हवेत, तपकिरी आणि चिकट नकोत. डोळा फुगीर आणि पारदर्शक हवा, खोल गेलेला दुधाळ नको. बोटाने दाबलेली जागा लगेच वर यायला हवी. पोट फुटलेलं किंवा पिलपिलीत असेल तर आतली विकरं कामाला लागली आहेत असं समजा.

वास घ्यायचा तो कल्ल्यांपाशी. कातडी पाण्याने धुतली की वास जातो, कल्ल्यांत मात्र तो राहतोच.

घेतल्याची वेळ लिहून ठेवा. हे फारसं कुणी करत नाही, पण पुढचे सगळे निर्णय याच आकड्यावर चालतात.

## टप्पा २: आधी थंड करा, साफसफाई नंतर

सगळ्यात जास्त चुकणारी पायरी हीच, म्हणून इथे थोडं थांबू.

नेहमीचा क्रम असा असतो: मासा आणायचा, फळीवर ओतायचा, सगळा साफ करायचा, तुकडे करायचे, धुवायचे आणि मग डब्यात भरून फ्रिजमध्ये. ढीग मोठा असेल तर या कामात दोन तास सहज जातात. शेवटच्या माशाची पाळी येईपर्यंत तो खोलीच्या तापमानाला पडून असतो. वर तो कोमट डबा फ्रिजमध्ये गेल्यावर थंड हवा त्याच्याभोवती नुसती फिरत राहते, कारण हवा उष्णता फार सावकाश ओढते. डब्याच्या मधोमध थर्मामीटर खुपसून बघा, कित्येक तासांनंतरही आकडा दोन अंकी दिसेल.

बर्फाचं तसं नाही. बर्फाचा चुरा माशाला चिकटतो, वितळलेलं पाणी अंगावरून वाहतं आणि उष्णता घेऊनच खाली उतरतं. वाहता वाहता ते चिकटा आणि त्यातले बरेचसे जीवाणूही धुऊन नेतं. म्हणून मासा आला की आधी सगळा बर्फात टाका. मग एकेक, दोन-दोन बाहेर काढून साफ करा आणि साफ झालेला परत बर्फात ठेवा.

घाई असेल तर बर्फ आणि पाण्याचा काला करा आणि मासे त्यात बुडवा. पाणी सगळीकडून अंगाला लागतं, त्यामुळे नुसत्या चुऱ्यापेक्षाही थंडी लवकर आत जाते. पण हे थंड होईपर्यंतच. तासन्‌तास पाण्यात राहिलेला मासा फुगतो, पचपचीत होतो आणि एका माशाची घाण सगळ्यांना लागते.

जाडीचंही भान ठेवा. बाहेरून सारखीच थंडी असली, तरी जाडी दुप्पट झाली की मधला भाग थंड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. मोठा मासा वरून गार लागतो, पण पाठीच्या काट्यापाशी अजून कोमट असतो.

> तपासणी: सगळ्यात मोठा मासा निवडा, पाठीच्या सगळ्यात जाड भागात थर्मामीटर काट्यापर्यंत खुपसा. २ अंश किंवा त्याहून कमी आलं की पुढे जा.

> सावधान, हिस्टामाइन: बांगडा, ट्यूना, सुरमई, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) भरपूर असतं. मासा उबदार राहिला की मॉर्गानेलासारखे जीवाणू त्यापासून हिस्टामाइन बनवतात. ते शिजवून, तळून, गोठवून कशानेही जात नाही आणि त्याला वासही नसतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगाला खाज, तोंडात जळजळ, धडधड सुरू होते. असं झालं तर डॉक्टरांकडे जा. आणखी एक गोष्ट: जीवाणूंनी हिस्टामाइन बनवणारं विकर एकदा तयार केलं की मासा नंतर थंड केला तरी ते काम करतच राहतं. 'उशीर झाला, पण आता फ्रिजमध्ये टाकलाय' या समाधानाला इथे काही अर्थ नाही.

## टप्पा ३: साफ करणे

क्रम: खवले, कल्ले, पोट, रक्त, धुणं, निथळणं. तो बदलू नका. पोट आधी उघडून मग खवले काढायला घेतले, तर खवल्यांवरची घाण थेट उघड्या पोकळीत जाते.

पोट उघडताना सुरीचं टोक वर, कातडीच्या दिशेने ठेवा. आतडं फाटलं की लाखो जीवाणू आणि पाचक विकरं मांसावर सांडतात. फाटलंच तर ती पोकळी लगेच वाहत्या थंड पाण्याने धुवा आणि तो मासा आधी वापरायला बाजूला काढा.

पोट साफ झाल्यावर काट्याला लागून असलेली काळपट-लाल रक्ताची पट्टी बोटाने किंवा चमच्याच्या टोकाने खरवडून काढा. बरेच जण ती तशीच सोडतात आणि पोकळीतला पहिला वास नेमका तिथूनच सुटतो. कल्ले पूर्ण काढा, अर्धे ठेवू नका.

धुताना वाहतं पाणी वापरा. एकाच पातेल्यात वीस मासे बुचकळले, तर विसावा मासा पहिल्या एकोणिसांच्या घाणीत धुतला जातो.

अगदी लहान मासे मात्र अख्खे, भरपूर बर्फात ठेवून लवकर संपवलेलेच बरे. त्यांना हाताळताना जास्त फाटाफूट होते. पोटात अन्न भरलेलं असलेल्या लहान माशांचं पोट काही तासांत आतून विरघळून फुटू शकतं. त्यांच्या बाबतीत दिवसांचा विचारच करू नका.

तुकडे आत्ताच करायचे का? करू नका. प्रत्येक काप म्हणजे जीवाणूंना नवी ओली जमीन, आणि कातडीवरचे जीवाणू सुरीबरोबर मांसात पोचतात. आतून साफ केलेला अख्खा मासा तुकड्यांपेक्षा नीट टिकतो. तुकडे शिजवायच्या वेळी करा.

> चूक: 'मीठ-मसाला लावला की टिकतो.' चवीपुरतं मीठ किंवा आंबट हे थंडीची जागा घेत नाही. उलट मसाल्याच्या वासाखाली नासल्याची पहिली खूण दडून जाते.

## टप्पा ४: बर्फात रचणे

तळाला चार-पाच सेंटिमीटर बर्फाचा थर. त्यावर मासे, एकमेकांना चिकटणार नाहीत असे. पोकळीतही बर्फ भरा. साफ केलेला मासा पोट खाली करून ठेवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. मग पुन्हा बर्फ, पुन्हा मासे, आणि सगळ्यात वर जाडसर थर. बाजूच्या भिंतींना लागूनही बर्फ हवा, कारण उष्णता तिथूनच आत येते.

बर्फाचा चुराच हवा. मोठ्या खड्यांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि टोकं मांसात रुतून जखमा होतात.

वापरलेला बर्फ दुसऱ्यांदा वापरू नका. तो पांढरा दिसला तरी त्यात आधीच्या माशाचा चिकटा आणि जीवाणू असतात.

> तपासणी: दर काही तासांनी खालच्या ट्रेतलं पाणी ओता. वरचा बर्फ वितळून मासा उघडा दिसला, तर तितकाच बर्फ लगेच घाला. पेटीत बर्फ शिल्लक आहे आणि तो माशाला लागून आहे, तोवर मासा शून्याच्या आसपास आहे.

## टप्पा ५: फ्रिजमध्ये ठेवणे

फ्रिजमध्येही मासा बर्फावरच ठेवा. जाळीच्या भांड्यात बर्फ, त्यात मासा, खाली ट्रे, वर झाकण. जागा सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे. खाली ठेवायचं कारण म्हणजे माशाचं पाणी शिजवलेल्या अन्नावर ठिबकू नये.

बर्फाशिवाय, ४ अंशांच्या घरगुती फ्रिजमध्ये कच्चा मासा एक-दोन दिवसच धरा. आकडेमोड पाच दिवस दाखवत असली तरी ती पकडल्या क्षणापासूनची, आणि मासा तुमच्या हातात येईपर्यंत त्यातले किती दिवस गेले हे तुम्हाला माहीत नसतं.

मुशी आणि पाकट वेगळे ठेवा. त्यांच्या मांसात युरिया असतो, जीवाणू त्याचा अमोनिया करतात आणि तो वास आजूबाजूच्या माशांनाही लागतो.

### व्हॅक्यूम पाकिटाबद्दल

हवा काढली की जीवाणू गेले, हा समज धोक्याचा आहे. हवा लागणारे स्युडोमोनास मागे पडतात, पण फोटोबॅक्टेरियम आणि शेवानेला हवेविना वाढतात. त्याहून वाईट म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विषारी जीवाणूचे काही प्रकार हवा नसताना ३.३ अंशांपासून पुढे वाढू शकतात आणि मासा नासल्याचं कळण्याआधीच त्यात विष तयार झालेलं असू शकतं. घरगुती फ्रिज ३.३ च्या खाली सतत राहत नाही. म्हणून कच्च्या माशाचं घरी केलेलं व्हॅक्यूम पाकीट फ्रिजमध्ये ठेवू नका, फक्त फ्रीजरमध्ये.

धुरावलेला, न शिजवता खायचा मासा आणला असेल तर वेगळी काळजी: लिस्टेरिया नावाचा जीवाणू फ्रिजच्या थंडीत वाढतो आणि गर्भवती, वृद्ध व आजारी माणसांना त्याचा मोठा धोका असतो. त्यांनी तो खाऊच नये.

## टप्पा ६: गोठवणे

दोन दिवसांत संपणार नसेल तर पहिल्याच दिवशी गोठवा. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून 'आता खराब होईल' म्हणून फ्रीजरमध्ये टाकणं म्हणजे वाढलेले जीवाणू जपून ठेवणं. उणे १८ अंशांना त्यांची वाढ थांबते, पण बरेचसे जिवंत राहतात आणि बर्फ सुटला की पुन्हा कामाला लागतात.

माशातलं पाणी उणे १ ते उणे २ अंशांच्या सुमारास गोठू लागतं आणि उणे ५ पर्यंत बहुतेक गोठतं. हा पट्टा जितका पटकन ओलांडला जाईल तितके बर्फाचे स्फटिक लहान राहतात आणि मांस कमी फाटतं. म्हणून:

१. मासा आधी बर्फात पूर्ण थंड करा आणि कोरडा पुसा.
२. पातळ, सपाट पाकिटं करा, हवा दाबून काढा.
३. पाकिटं फ्रीजरच्या थंड पृष्ठभागावर एकेरी पसरा. एकमेकांवर रचायची ती पूर्ण गोठल्यावरच.
४. एका वेळी थोडीच घाला. ढीगभर कोमट मासा कोंबला तर आधीचा गोठलेलाही मऊ पडतो.
५. पाकिटावर जात आणि तारीख लिहा.

अख्खा मासा बराच काळ ठेवायचा असेल तर गोठल्यावर तो बर्फासारख्या थंड पाण्यात क्षणभर बुडवून पुन्हा गोठवा. अंगावर बर्फाची पातळ काच चढते आणि मासा सुकत नाही.

गोठलेला मासाही कायमचा नाही. चरबीदार मासा दोन-तीन महिन्यांत खवट होऊ लागतो, कमी चरबीचा सहा-आठ महिने चांगला राहतो. हा खवटपणा जीवाणूंचा नसून चरबीला हवा लागल्याचा.

## टप्पा ७: बर्फ सोडवणे

आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, जाळीवर ठेवा. ओट्यावर ठेवलेल्या माशाचा मधला भाग गोठलेला असतानाच बाहेरची कातडी खोलीच्या तापमानाला तासन्‌तास असते, आणि जीवाणू असतात ते कातडीवरच. घाई असेल तर घट्ट बंद पाकीट गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला आणि सुटल्यावर लगेच शिजवा.

व्हॅक्यूम पाकीट असेल तर सोडवायला ठेवण्याआधीच ते कापून उघडा.

फ्रिजमध्येच सोडवलेला आणि थंडच राहिलेला मासा पुन्हा गोठवला तर धोका नाही, पण मांस भुसभुशीत होतं. ओट्यावर सुटलेला पुन्हा गोठवू नका.

> तपासणी: पाकीट उघडल्यावर कोंडलेला वास जायला दोन-तीन मिनिटं द्या आणि मग पोकळीपाशी वास घ्या. आंबूस, अमोनियासारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास असेल तर टाकून द्या. वास चांगला असूनही मासा मधे कित्येक तास उबदार राहिल्याचं तुमच्या नोंदीत दिसत असेल, आणि तो बांगडा-ट्यूनाच्या गटातला असेल, तर तोही टाका.

## टप्पा ८: भांडी

मासा संपला की जाळी, ट्रे, पेटी त्याच दिवशी धुवा. आधी नुसत्या गार पाण्याने चिकटा काढा, कारण गरम पाण्याने तो शिजून पक्का बसतो. मग गरम पाणी, साबण आणि ब्रश, विशेषतः कोपऱ्यांत आणि छिद्रांत. तिथे साचलेला बुळबुळीत थर म्हणजे थंडीला सरावलेल्या जीवाणूंची वसाहत असते आणि पुढच्या माशाला तीच लागते. थर्मोकोलच्या पेटीला आतून चिरा पडल्या असतील तर ती घासून स्वच्छ होत नाही, बदला. धुतलेली भांडी उलटी ठेवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय त्यांत नवा बर्फ भरू नका.